लॉगिंग रोज रात्री बंद पडतंय? रीस्टार्ट मारायच्या आधी एवढं बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतनं मला दीड महिना सकाळी सकाळी एकच फोन यायचा, "साहेब, रात्री परत लॉग थांबला हुता, आम्ही पीसी रीस्टार्ट केला, आता चालू झालंय." चालू झालंय म्हटल्यावर पुढं बोलायला काही उरतच नाही, मी पण दर वेळी "बरं, परत झालं तर सांगा" असंच म्हणत राहिलो आणि परत व्हायचंच, आठवड्यातनं तीन-चार रात्री. ज्यांच्याकडं सिरियल पोर्ट (यंत्राचा डेटा एकेक बिट करून आणणारी जोडणी) आणि नेटवर्कवरनं डेटा घेऊन फाइलमध्ये लिहिणारं सॉफ्टवेअर, म्हणजे लॉगर, चालतं त्यांना हा प्रकार नवीन नसणार, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी तिथलं सेटिंग सांगतो. ऑफिसच्या कडेला एक पीसी, त्याला तीन ठिकाणचा डेटा. भट्टीजवळच्या टेंपरेचर इंडिकेटरची आरएस-२३२ (जुनी, साधी सिरियल) लाईन यूएसबी कन्व्हर्टरमधनं कॉम ५ ला (विंडोजनं त्या पोर्टला दिलेला नंबर), एनर्जी मीटर आरएस-४८५ वर (लांबवर चालणारी दुसरी सिरियल लाईन) मॉडबस नावाच्या भाषेत, आणि गेटवरचा वजनकाटा सिरियलचं इथरनेट करणारा डबा लावून नेटवर्कवरनं. लॉगर तिन्हीकडनं येईल ते तारीख-वेळ लावून सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) लिहितो. दिसायला साधं काम आहे पण ओतताना धातूचं तापमान किती होतं याचं रेकॉर्ड ग्राहकाला प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याला, दाखवावं लागतं, आणि रेकॉर्ड नसेल तर तो लॉट बाजूला काढून ठेवतात. म्हणजे रात्रभर भट्टीच्या धगीत माणसांनी केलेलं काम दोन तासाच्या रिकाम्या फाइलमुळं अडकतं. मला याचं लई वाईट वाटायचं, म्हणून शेवटी ठरवलं की आता रात्री तिथं जाऊनच बसायचं.

पण त्याच्या आधी एक गोष्ट केली, रात्रपाळीच्या मामांना सांगितलं, "मामा, लॉग थांबला की रीस्टार्ट मारू नका, आधी मला फोन करा, कितीही वाजू देत." कारण रीस्टार्ट मारला की यूएसबी, ड्रायव्हर, पोर्ट, सॉफ्टवेअर, नेटवर्कचं कनेक्शन सगळं एकदमच नव्यानं उठतं, त्यातलं नेमकं कोण झोपलं होतं ते मग कधीच कळत नाही. पुरावा आपल्याच हातानं पुसला जातो आणि उद्या परत तिथंच.

तर लॉग थांबलेला दिसला की पहिली पाच मिनिटं कशाला हात न लावता नुसतं बघायचं. इंडिकेटरवर आकडे हलतायत का? कन्व्हर्टरवरचा डेटा येतानाचा दिवा लुकलुकतोय का? डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या वस्तूंची यादी) पोर्ट दिसतोय का, आणि त्याच नंबरचा दिसतोय का? लॉगरमध्ये पोर्ट उघडा दाखवतोय की एरर आहे, आणि शेवटची ओळ किती वाजताची? सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, घाईत कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यानंतर लॉगरमधनं फक्त तो एक पोर्ट बंद करून परत उघडायचा, पीसी नाही, सॉफ्टवेअर पण नाही. तेवढ्यानं डेटा आला तर केबल तुटलेली नाही आणि इंडिकेटर पाठवतोय, अडकलंय ते पीसीच्या बाजूला. नाही आला तर केबल कन्व्हर्टरमधनं काढा, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि केबलच्या त्या टोकाला पिन २ आणि पिन ५ मध्ये मोजा. आरएस-२३२ ची लाईन निवांत असताना साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दाखवते आणि डेटा येत असेल तर आकडा थरथरतो. शून्य आलं तर केबल तरी तुटलीय नाहीतर इंडिकेटरचा आउटपुट मेलाय. आणि दुसऱ्या कुठल्या टर्मिनल प्रोग्रॅममधनं तपासायचं असेल तर आधी लॉगर बंद करावा लागतो, एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो, नाहीतर "ॲक्सेस डिनाइड" येतं आणि माणूस भलत्याच वाटेला लागतो.

मामांचा फोन आला रात्री पावणेदोनला. मी गेलो तर इंडिकेटर व्यवस्थित, १४०० च्या आसपास आकडे हलतायत, केबलवर उणे ८ आणि थरथर, म्हणजे डेटा पीसीच्या दारापर्यंत येतोय. लॉगरमध्ये पोर्ट उघडा, हिरवा, एरर नाही, शेवटची ओळ १:३१ ची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम ५ पण आहे. सगळं आहे आणि डेटा तेवढा नाही. पोर्ट बंद करून उघडला तर लगेच चालू. मग मी त्या पीसीच्या स्पीकरचा आवाज वाढवला आणि खुर्ची टाकून बसलो.

तासाभरानं तो आवाज आला, यूएसबी काढल्यावर विंडोज करतं तो आणि लगेच परत लावल्याचा. खोलीत मी एकटा, कन्व्हर्टरला कुणी हात लावलेला नाही. आणि त्याच्या अगदी आधी, बाहेरनं खट् असा क्रेनच्या कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) आवाज. लॉगर थांबला. मी बाहेर जाऊन क्रेनवाल्याला म्हटलं, "भावा, जरा परत पुढं-मागं घे की." त्यानं वीसेक वेळा घेतली, त्यात दोनदा विंडोजनं तोच आवाज केला.

दिवसा का होत नव्हतं तर मोठं कास्टिंग तिथं रात्रीच ओततात, त्या बाजूची क्रेन दिवसा जवळजवळ उभीच असते. आमची इंडिकेटरची केबल साधी, बिनशिल्डची, ३५ मीटर लांब, आणि ती क्रेनच्या पॅनेलला जाणाऱ्या पॉवर केबलच्याच ट्रेमधनं नेलेली. ज्यानं कुणी टाकली त्यानं ट्रे तयार होता म्हणून टाकली असणार. आरएस-२३२ ला साधारण १५ मीटरच्या पुढं जाऊ नये असं सगळीकडं सांगतात, ९६०० बॉडला (डेटाचा वेग) त्याच्यापुढं पण चालतं ते खरं, पण शांत जागेत. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना व्होल्टेजचा जो झटका बसतो तो शेजारच्या केबलमध्ये उतरतो, आणि पिन ५ म्हणजे भट्टीकडची जमीन आणि पीसीची जमीन तारेनं जोडलेली, त्यामुळं झटका कन्व्हर्टरमधनं सरळ यूएसबीत. यूएसबी एका क्षणापुरती तुटते आणि परत जुळते. विंडोजच्या दृष्टीनं जुनं डिव्हाइस गेलं आणि नवीन आलं, नंबर तोच कॉम ५. पण लॉगरनं जो पोर्ट धरून ठेवलाय तो त्या गेलेल्या डिव्हाइसचा. तो त्याच्यावर शांतपणे वाट बघत बसतो. डेटा येणारच नाही, आणि एरर पण सगळेच ड्रायव्हर देतात असं नाही.

उपाय दोन्हीकडनं केला. इंडिकेटरच्या जवळच आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजू तारेनं थेट न जोडणारा, आरएस-२३२ ते आरएस-४८५ कन्व्हर्टर, तिथनं पीळ दिलेली शिल्डेड केबल, पॉवर केबलपासनं लांब वेगळ्या पाइपमधनं, जिथं ओलांडायलाच लागली तिथं काटकोनात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, आणि शिल्डला अर्थ फक्त एकाच टोकाला, दोन्हीकडं दिला तर दोन्हीकडच्या जमिनी परत तारेनं जोडल्या जातात. पीसीकडं आयसोलेशन असलेला यूएसबी ते आरएस-४८५. क्रेनच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर इलेक्ट्रिशियननं झटका शोषून घेणारा आरसी स्नबर बसवला. कॉइल एसीची असेल तर डायोड लावू नका, तो डीसीलाच. आणि लॉगरमध्ये सेटिंग केलं की ३० सेकंद काहीच आलं नाही तर पोर्ट स्वतःहून बंद करून उघड, आणि उघडल्याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये वेळेसकट लिही.

ही नोंद लिहायला मी मुद्दाम सांगतोय. नुसतं आपोआप उघडण्याचं सेटिंग करून बरेच जण मोकळे होतात, त्यात केबल तशीच राहते, दर झटक्याला अर्धा-अर्धा मिनिट डेटा जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. किती वेळा उघडावं लागलं हा आकडा रोज दिसला पाहिजे. आमच्याकडं रात्रीला चार-पाच होता, केबल बदलल्यावर शून्यावर आला, मगच मी काम झालं म्हणालो.

आता दुसरा प्रकार, हा एका साखर कारखान्याच्या काट्यावरचा, आणि दर हंगामाच्या तोंडाला परत यायचा. तक्रार अशी की रिकामी गाडी काट्यावर आली की पीसीवर वजन बरोबर येतं, भरलेली आली की कचरा येतो नाहीतर ओळच येत नाही. सगळ्यांचं मत लोड सेल (काट्याखालचा वजन मोजणारा सेन्सर) गेलाय, वजन जास्त झालं की दम खातोय. ऐकायला पटतं पण. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागलेली, शेतकरी खिडकीत वाकून बघतोय आणि आत स्क्रीनवर त्याचं वजन उमटत नाहीये. तो रात्रभर रांगेत थांबलेला असतो हो, त्या आकड्यावर त्याच्या वर्षभराच्या घामाचा हिशेब, तिथं "जरा थांबा, सॉफ्टवेअर अडकलंय" म्हणताना जीभ रेटत नाही.

इंडिकेटरच्या डिस्प्लेवर मात्र दोन्ही वेळा वजन अचूक होतं, मग लोड सेलचा काय संबंध? लॉगरमध्ये हेक्स व्ह्यू लावला, त्यात आलेल्या प्रत्येक अक्षराचा कोड दिसतो. रिकामी गाडी ५,६३० किलो, इंडिकेटर पाठवतो ००५६३०, हेक्समध्ये ३० ३० ३५ ३६ ३३ ३०, एकदम स्वच्छ. भरलेली १८,२४०, म्हणजे ०१८२४०, आणि आलं काय तर ३० बी१ बी८ बी२ बी४ ३०. शून्य तेवढे शाबूत, बाकी सगळ्यांच्या डोक्यावर एक जादा बिट चढलेला. इंडिकेटर ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटीनं (एकची एकूण संख्या सम करायला जोडलेला तपासणीचा बिट) पाठवत होता आणि लॉगर ८ डेटा बिट, पॅरिटी नाही असं वाचत होता. दोन्हीत अक्षराचे एकूण बिट दहाच, त्यामुळं फ्रेमिंगची, म्हणजे अक्षराची सुरुवात-शेवट चुकल्याची, एरर येत नाही, पॅरिटीचा बिट आठवा डेटा बिट म्हणून आत शिरतो. ज्या अंकाच्या कोडमध्ये एकची संख्या सम आहे, म्हणजे ०, ३, ५, ६, ९, ते बरोबर दिसतात. १, २, ४, ७, ८ मध्ये विषम, त्यांचा कचरा होतो. ५,६३० मध्ये सगळे अंक पहिल्या गटातले, १८,२४० मध्ये शून्य सोडून सगळे दुसऱ्या. ओळ संपल्याची खूण लॉगरला ०ए दिलेली, त्यात पण एकची संख्या सम, म्हणून ओळी तुटत होत्या बरोबर आणि संशय कुणालाच आला नाही. योगायोग एवढा नीट जुळला होता की लोड सेलची ऑर्डर निघायच्या बेतात होती.

दर हंगामाला का यायचं तर मधल्या काळात पीसी फॉरमॅट व्हायचा नाहीतर बदलायचा, आणि नवीन इन्स्टॉल केलं की सॉफ्टवेअरचं मूळ सेटिंग ९६००, ८, नन, १. आता इंडिकेटरच्या मागं कागद चिकटवलाय, बॉड, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नाही, सगळं ठळक अक्षरात, वर पारदर्शक टेप. सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर पण आहे, पण कागदच जास्त उपयोगी पडतो.

फ्लो कंट्रोल म्हणजे समोरच्याला "थांब", "पाठव" सांगायची सोय, त्यावरनं आठवलं, त्यातला एक्सऑन-एक्सऑफ हा प्रकार चुकून चालू राहिला असेल आणि येणाऱ्या बायनरी डेटात १३ हा हेक्स बाइट आला तर ड्रायव्हर त्याला "थांब" असा हुकूम समजतो, तो बाइट गायब होतो आणि तुमच्याकडनं जाणारी रिक्वेस्ट अडकून पडते. ठरावीक आकड्यालाच अडकतंय असं दिसलं की हे बघा.

पावसाळ्यातला एक वेगळाच ताप म्हणजे लाईट जाऊन आली, पीसी चालू झाला आणि माऊसचा बाण स्क्रीनभर आपोआप पळायला लागला, मधेच काहीतरी क्लिक होतंय, आणि लॉगर म्हणतोय पोर्ट उघडत नाही. पोरं व्हायरस व्हायरस म्हणून ओरडतात. व्हायरस नाही. इंडिकेटर सतत डेटा सोडत असतो आणि विंडोज चालू होताना सिरियल पोर्टवर जुन्या जमान्यातला माऊस आहे का ते तपासतं, डेटा दिसला की त्याला माऊसच वाटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीत "मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट" असं दिसेल, त्याच्यावर राइट क्लिक करून डिसेबल करा. अनइन्स्टॉल नको, पुढच्या वेळी परत येतं. शक्य असेल तर इंडिकेटरच सतत न पाठवता मागितल्यावर पाठवेल असा लावा, ते सगळ्यात बरं.

फाउंड्रीतल्या नेटवर्कवाल्या काट्याची गोष्ट जरा लांबवून सांगतो कारण इथं लॉगरवर हिरवा दिवा असतो आणि माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो. गेटवरच्या केबिनमधली लाईट दोन मिनिटं गेली, तिथला सिरियल ते इथरनेट डबा बंद होऊन परत चालू झाला, पीसी यूपीएसवर असल्यानं त्याला काहीच कळलं नाही. टीसीपीचं (नेटवर्कवरनं डेटा नेण्याची पद्धत) कनेक्शन पीसीच्या बाजूनं अजून जिवंत आहे, डब्याच्या बाजूनं केव्हाच संपलंय. लॉगर फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही, त्यामुळं समोर कुणी नाही हे त्याला समजायला वावच नाही. समोरचा जिवंत आहे का ते मधनंमधनं विचारणारी कीप-अलाइव्ह नावाची सोय असते पण ती प्रोग्रॅमनं मागितली तरच, आणि विंडोजमध्ये तिची ठरलेली वाट बघायची वेळ २ तास. दोन तासात गेटवरनं किती गाड्या जातात बघा! म्हणून इथं पण तोच नियम, अमुक सेकंद डेटा नाही तर कनेक्शन तोडून नवीन कर. सतत पाठवणारा इंडिकेटर काटा रिकामा असताना पण शून्य पाठवत राहतो ना, म्हणजे तिथं शांतता ही कायम बिघाडच समजायची.

आणि उलटं पण होतं, पीसी अचानक बंद पडला तर डब्याला वाटतं जुनं कनेक्शन चालूच आहे, बरेच डबे एका वेळी एकच कनेक्शन घेतात, मग नवीन आलेल्याला दारातनंच परत पाठवतात. डब्याच्या सेटिंगमध्ये कनेक्शन जिवंत आहे का तपासायची वेळ असते ती एक मिनिटावर आणा. डब्याला आयपी कायमचा द्या, राउटरनं वाटलेला नको. केबिनमधल्या स्विचला आणि डब्याला छोटा यूपीएस द्या, पीसीलाच देऊन उपयोग नाही. अजून एक, टीसीपीवरनं डेटा ओळीओळीनं येत नाही, तो नळाच्या पाण्यासारखा येतो, एकदा अर्धी ओळ, एकदा अडीच. "आलं तेवढी एक ओळ" असं लॉगरला सांगितलं असेल तर १८२४० चं कधीतरी १८२ आणि ४० होणारच. ओळ संपल्याची खूणच धरायला लावा.

सकाळी साडेआठ-नऊला लॉग थांबतो असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, सीएसव्ही एक्सेलमध्ये कोण उघडतं? उघडी असेपर्यंत एक्सेल फाइल धरून ठेवतं, लॉगरला लिहिता येत नाही. बघायची कॉपी वेगळी काढून द्या, विषय संपला.

विंडोजची सेटिंग थोडक्यात, कारण हे बहुतेकांना माहीत असतं पण केलेलं नसतं: स्लीप कधीच नाही, पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (रिकामी यूएसबी झोपवणारं सेटिंग) बंद, डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढा. अपडेटचे ॲक्टिव्ह अवर्स (ज्या तासांत विंडोज स्वतःहून रीस्टार्ट होत नाही) जास्तीत जास्त १८ तासच देता येतात, रात्रपाळीचे सहा उघडेच राहतात, म्हणून लॉगर विंडोजची सर्व्हिस (मागं आपोआप चालणारा प्रोग्रॅम) म्हणून लावा म्हणजे कुणी लॉगिन केलं नाही तरी पीसी उठल्याबरोबर चालू होतो. कन्व्हर्टर ज्या यूएसबी सॉकेटमध्ये आहे त्याच्यावर खूण करा, ज्या चिपमध्ये स्वतःचा सिरियल नंबर नसतो ती दुसऱ्या सॉकेटमध्ये घातली की कॉम नंबर बदलतो.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात हायवेवर पाणी येऊन शिरोलीची वाट बंद झाली होती, तेव्हा मला कळलं की मी पोचू शकणार नाही असं धरूनच सिस्टिम लावायला पाहिजे. त्यामुळं आता काम सोपवायच्या आधी तिथल्या माणसाला शेजारी उभं करून मी चार गोष्टी करतो. लॉग चालू असताना यूएसबी उपटून दहा सेकंदांनी लावतो. लॅनची वायर काढून पाच मिनिटांनी लावतो. इंडिकेटर बंद करून चालू करतो. आणि शेवटी पीसीची मेन पिन काढतो, आधी सांगून आणि फाइलची कॉपी घेऊन. प्रत्येक वेळी कुणी माऊसला हात न लावता डेटा परत आला पाहिजे आणि मधली शांतता किती सेकंदांची होती ते नोंदीच्या फाइलमध्ये दिसलं पाहिजे. फाउंड्रीत पहिल्या खेपेला लॅनची वायर काढल्यावर आलंच नाही, डब्यात कनेक्शन तपासायची वेळ शून्य होती, ती ६० सेकंद केली, वायर परत काढून लावली, लावल्यावर एक मिनिट चार सेकंदांनी काट्याचे आकडे चालू झाले. मामांनी घड्याळ बघून ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवलंय.